सांदेतल्या सळ्या

मागच्या महिन्यात माझ्या नणंदेवर पेपरात लेख आला. फोटोत ती बोटीच्या काठावर बसलेली, पाठीला हवेची टाकी, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘समुद्राची लेक’. लिहिणाऱ्याने तिच्याशी अख्खी दुपार गप्पा मारल्या म्हणे. अख्खी दुपार! आमच्या घरात ती वर्षभरात तेवढं बोलली नसेल. लेखात तिचं धाडस होतं, चिकाटी होती, पाण्याखालची रंगीबेरंगी दुनिया होती. आणि मधेच एक वाक्य होतं, की ‘एका स्थानिक मच्छीमाराने या कामात अडथळा आणला होता.’ तो स्थानिक मच्छीमार म्हणजे माझा नवरा, तिचा सख्खा भाऊ. म्हणून मी लिहायला बसले आहे. मला लेख लिहिता येत नाही, पण भांडता चांगलं येतं.

आधीच सांगते, तोंडावर मी तिला ‘वन्सं, तुम्ही’ म्हणते. मनात एकेरीच. इथे मनातलं लिहिते आहे, तेव्हा एकेरीच चालू द्या. गावातल्या बायका म्हणतात, ही नणंदेला पाण्यात पाहते. पाहीन नाही तर काय करीन, ती असतेच पाण्यात.

आमच्याकडे बेटंच बेटं. भरतीला मोजाल तर एक आकडा येईल, ओहोटीला दुसरा, कारण निम्मे खडक पाणी उतरल्यावरच डोकं वर काढतात. त्या बेटांच्या मधून पाण्याच्या वाटा जातात, काही चिखलाच्या, काही खडकाच्या. आमच्या गावासमोर दोन बेटांच्या मधे एक चिंचोळी, खोल वाट आहे. तिला आम्ही सांद म्हणतो. तिथे पाण्याला अशी ओढ असते की नवखा माणूस बोटीसकट फिरतो. पण मासे तिथेच. गावातली निम्मी घरं सांदेवर जगतात, आणि आमचं घर त्यातलंच.

माझे सासरे बुडी मारणारे होते. कुणाचं जाळं खडकात अडकलं, कुणाचा नांगर निघेना, की त्यांना बोलावणं यायचं. दोन्ही मुलांना त्यांनीच पाण्यात उतरवलं. मुलगा खाली जायचा, काम करायचा आणि वर यायचा. मुलगी खाली जायची ती काम विसरून मासे बघत बसायची. सासूबाई सांगतात, एकदा ही इतका वेळ वर आली नाही की त्यांनी काठावर ऊर बडवायला सुरुवात केली, आणि ही मागून येऊन विचारते, “आई, कोण गेलं?” सासूबाईंनी तिला ओल्या दोरीने बडवली. त्याचा काही उपयोग झाला नाही, हे आपण बघतोच आहोत.

पुढे शिकायला शहरात गेली. तिथे गोदीत बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचं काम करून तिने कॉलेज केलं, हे मात्र खरं आहे, त्यात मी काही कमी-जास्त करणार नाही. हात अजून खरखरीत आहेत तिचे. मग लग्न केलं. ते मोडलं. का मोडलं हे तिने कधी सांगितलं नाही, पण तो जावई एकदा सासूबाईंना म्हणाला होता, “तुमची मुलगी घरात असते तेव्हाही घरात नसते.” मी त्या माणसाला आयुष्यात दोनदाच पाहिलं, पण तेव्हा मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

मग सरकारच्या सागरी कार्यालयात तिला नोकरी लागली, आणि आमच्या बेटांमधल्या पाण्याखाली काय काय जगतं याची पाहणी करायचं काम आलं. कार्यालयाने विचारलं, तिकडची माहिती असलेलं कोण आहे? ही उभी राहिली. पिशव्या, टाक्या, रबरी कपडे घेऊन आमच्या दारात हजर. माहेरच तिचं. मी कोण अडवणार?

अडवावंसं वाटायचं ते पाण्यावरून. बेटावर गोडं पाणी किती महाग ते बाईमाणसाला विचारा. मी डोक्यावरून घागरी आणायच्या आणि हिने समुद्रातून आल्यावर बादली भरून आपले मुखवटे, नळ्या, पट्टे त्यात बुचकळायचे. “मीठ राहिलं तर रबर फाटतं, वहिनी.” रबर फाटतं! माझी मान मोडते त्याचं काय? माझ्या दोरीवर तिचे ते काळे कपडे वाळत असायचे, हातापायांसकट, कुणी तरी टांगून घेतल्यासारखे. शेजारची लेकरं घाबरायची.

तिचं काम मी बोटीत बसून पाहिलं आहे. सांदेचं पाणी दिवसातून थोडाच वेळ थबकतं, भरती संपलेली आणि ओहोटी लागायची असते तेव्हा. तेवढ्यात उतरायचं. खाली खडकात तिने लोखंडी सळ्या ठोकल्या होत्या, सरळ रेषेत, ठरावीक अंतराने. सळीपासून सळीपर्यंत फीत ताणायची. मग बाजूला होऊन गप्प थांबायचं, कारण माणसाला बघून मासे पळतात, ते आपापल्या जागी परत येईपर्यंत मोजायचं नाही. मग फितीच्या कडेने सावकाश पोहत दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या पट्ट्यातले मासे मोजायचे आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचे. पट्ट्याच्या बाहेरचा मासा कितीही देखणा असला तरी लिहायचा नाही. परतताना तळाचं मोजायचं: पोवळी, स्पंज, शंख, खेकडे. पुढच्या वेळी मोजणी पुन्हा त्याच रेषेवर झाली पाहिजे, म्हणून त्या सळ्या. बोटीतलं यंत्र जागा दाखवतं, पण ते गल्ली दाखवतं, घर दाखवत नाही. घर सळ्या दाखवतात.

गावाने तिचं नाव ठेवलं मोजणीबाई. आमच्या मागच्या पिढीने एक मोजणी पाहिली होती, डोंगरावरच्या कुरणाची. माणसं आली, खुणा ठोकल्या, गोड बोलली, आणि पुढच्या वर्षी तिथे तारेचं कुंपण. मोजणी आली की जागा जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सागरी कार्यालयाचा बेत सगळ्यांना माहीत होता. ज्या वाटेत मासे अंडी घालायला गोळा होतात, ती वाट त्या हंगामात जाळ्यांना बंद. आणि सांदेत ते गोळा होतात हे मासेही जाणतात आणि आम्हीही. म्हणजे मोजणीबाई खाली जाऊन माशांची डोकी मोजणार आणि वर येऊन आमच्या चुली बंद करणार. निदान गावाचा हिशेब असा होता. माझाही होता.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भर सभेत म्हणाले, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.” सगळे माझ्या नवऱ्याकडे बघून हसले. नंतर कुणी तिला बोट देईना. कुणी तिच्या मुखवट्यात ग्रीस फासलं. दुकानदार तिला दोरीचा तुकडा विकेना. तिला त्याचं काही नव्हतं, ती ग्रीस पुसून पाण्यात जायची. नळावर माझी घागर मागे सरकवली जायची ती मात्र मला दिसायची. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात; हिने गावात राहून गावाशी केलं, आणि ते निस्तरायला मी.

तिच्याबरोबर बुडी मारायला कार्यालयाने एक जाडजूड साहेब दिला होता. बोट हलली की त्याला उलटी. आम्ही त्याला ओकारीसाहेबच म्हणायचो. सळ्या ठोकायच्या वेळी त्याचा कान दुखावला आणि तो किनाऱ्यावर पडून राहिला. एकट्याने उतरायचं नाही असा त्यांचा नियम. गावातलं कुणी येईना. मग ही आमच्या यांना म्हणाली, “दादा, तू चल.” मच्छीमाराला सळ्यांच्या कामात घ्यायचं नाही, असाही नियम होता, तो तिने गुंडाळून ठेवला. हे गेले. बहीण-भाऊ दोघे खाली, एक सळी धरतोय, एक घण मारतोय. वर आले तेव्हा दोघे हसत होते. लग्न होऊन आल्यापासून मी त्या दोघांना एकत्र हसताना तेव्हाच पाहिलं.

सळ्या ठोकल्या आणि पाणी गढूळ झालं. मोजणी पुढे गेली, पाणी निवळेपर्यंत, मासे जमायच्या दिवसांपर्यंत. आणि त्या मधल्या काळात चेअरमन आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले.

माणूस साखरेसारखं बोलतो. “तुझ्या बहिणीचं काम आहे, आम्ही कशाला मधे पडू? पण सांदेत काही सापडलंच नाही, तर बंदी कशावर घालतील? रिकाम्या भांड्याला झाकण कोण घालतं?” आमचे हे जाळं विणत ऐकत. मी आतून ऐकत. त्यांनी ‘सळ्या हलव’ असं कधी म्हटलं नाही, तेवढे ते शहाणे आहेत. फक्त जाताना एकदा आपली पहार ओट्यावर विसरून गेले.

मोजणीचा दिवस आला. ती आणि ओकारीसाहेब उतरले, वेळेत वर आले. साहेब पाटी हलवत म्हणाला, “काहीच नाही हो तिथे! सगळी खडी आणि सपाट कातळ.” त्याला आनंद झाला होता, लवकर सुटका झाली म्हणून. ती घरी आली, ओट्यावर बसली. सामान तसंच खारं पडलेलं. मी वाट बघतेय, आता मागेल बादली, आता मागेल. तिने गोडं पाणी मागितलंच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

जेवायला बसल्यावर ती म्हणाली, “दादा, सळ्या कुणी हलवल्या?”

“कुठल्या सळ्या?”

“त्या खडकातून काढून खडीच्या पट्टीत ठोकल्यात. खालचा कातळ कठीण, म्हणून पुरेशा आत गेल्या नाहीत. प्रत्येक सळीला वर शेवाळ आणि खाली वीतभर स्वच्छ लोखंड. जो भाग खडकात असायला हवा तो बाहेर दिसतोय.” ती एवढं सलग बोलली म्हणून सासूबाईंनी जेवायचं थांबवलं. “आणि अंतर अगदी बरोबर ठेवलंय. रेषा सरळ. ते अंतर दोघांनाच माहीत आहे.”

“गावात काय माणसं कमी आहेत?” हे म्हणाले आणि पाण्याचा तांब्या शोधायला लागले. तांब्या समोरच होता. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, बोलायची वेळ आली की त्यांना तहान लागते. मला त्या क्षणी कळलं, आणि तिलाही.

मग तिने खरं काय ते सांगितलं. बंदर खात्याला मोठ्या जहाजांसाठी बेटांमधून एक वाट हवी होती. ड्रेजर आणून तळ उकरायचा, खडक फोडायचा. चिखलाची वाट की सांद, एवढंच ठरायचं बाकी होतं. आणि नियम असा, की जिथे कमी जीव असतील तिथून वाट न्यायची. “सांदेचा आकडा शून्याच्या जवळ गेला आहे. साहेबाने फोटोंसकट पाठवूनही दिला. नुसती हंगामापुरती बंद नाही, दादा. सांदच जाईल.”

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, वन्सं?” मी विचारलं.

“सळ्या ठोकायच्या आधीपासून.”

“आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?”

“सांगायची परवानगी नव्हती.”

परवानगी! सख्ख्या भावाच्या घरात, माझ्या हातचं जेवताना, माझं पाणी सांडताना, हिला परवानगी नव्हती. माझ्या हातातला डाव मी जमिनीवर आपटला. पण मोठा आवाज केला तो यांनीच.

“खोटं आहे सगळं. घाबरवतेय. चेअरमन म्हणालेच होते, शेवटी असलं काहीतरी काढेल म्हणून.”

“दादा, परवा सुनावणी आहे. आज ना उद्या पाणी उसळणार, सुनावणीच्या आधी मला पुन्हा उतरता येणार नाही. तू सांगितलंस तरच...”

“मी काही हलवलेलं नाही,” हे म्हणाले, आणि पूर्ण तांब्या घशात ओतला.

सुनावणी शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. समोर मोठ्या साहेब म्हणून एक बाई, सुनावणीच्या प्रमुख, शेजारी बंदर खात्याचा अधिकारी, इस्त्रीचा शर्ट घातलेला. भिंतीवर बेटांचा नकाशा. जिथे जीव जास्त तिथे हिरवा रंग, जिथे कमी तिथे करडा. सांद करडी होती. सगळ्यांनी ती पाहिली आणि खोलीत टाळ्या पडल्या. मागून कुणी तरी ओरडलं, “मोजणीबाईचा विजय असो!” चेअरमन माझ्या नवऱ्याकडे बघून मान हलवत होते, आणि देवाशपथ सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. झाली, टळली बंदी.

मग इस्त्रीवाला उठला. त्याने काठीने करड्या पट्टीवर रेघ ओढली आणि सांगितलं, की पाहणीत ही वाट जवळपास निर्जीव आढळल्यामुळे खात्याची पसंती हिलाच आहे, काम पुढच्या हंगामात सुरू होईल, दोन्ही तोंडांचे खडक फोडावे लागतील, आणि त्यानंतर सुरक्षेसाठी या वाटेत लहान बोटींना कायमची बंदी राहील. कायमची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती उभी राहिली. कागद नाही, काही नाही.

“हा आकडा वापरता येणार नाही,” ती म्हणाली. “मी जे मोजलं ते बरोबर आहे, पण जागा चुकीची आहे. मोजणीच्या आधी सळ्या हलवल्या गेल्या.”

“कुणी?” मोठ्या साहेब म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, म्हण, कुणीतरी. म्हण, माहीत नाही. अगं बये, एरवी गप्प बसतेस, तशी आत्ता बस.

“माझ्या भावाने. सळ्या ठोकताना मी नियम मोडून त्याला बरोबर घेतलं होतं, त्यामुळे त्याला अंतर माहीत होतं.”

सगळी खोली आमच्याकडे वळली. इस्त्रीवाला हसला. “म्हणजे आकडा सोयीचा नाही असं दिसल्यावर बहीण आता भावाचं नाव घेतेय. मूळ जागा होती तरी कुठे? ही सांगेल तिथे? हिच्या शब्दावर सरकारने काम थांबवायचं?”

तेव्हा मला तिचा डाव कळला. मूळ जागा दोघांनाच माहीत होती. तिचा एकटीचा शब्द कुणी धरणार नव्हतं. तिने भावाला चव्हाट्यावर उभं केलं, कारण तिला साक्षीदार हवा होता. आणि साक्ष दिली की बोटीचा परवाना जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. सरकारी खुणा हलवल्याची शिक्षा भिंतीवरच्या सूचनेत लिहिलेली होती.

“तुम्ही हलवल्यात?” मोठ्या साहेबांनी यांना विचारलं.

मी यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. उठू नका, हेच मला सांगायचं होतं. सांद गेली तर गावाची जाईल, सगळ्यांची जाईल, ती गावाने बघावी. बोट आमची एकट्याची होती. नाही म्हणा आणि बसा. मी इतक्या जोराने धरलं होतं की शिवण उसवल्याचा आवाज आला.

हे उभे राहिले. पाणी मागितलं नाही.

“मी काढल्या,” हे म्हणाले. “पहारीने. कुठून काढल्या ती भोकं दाखवतो. पाणी थबकलं की कुणालाही माझ्याबरोबर उतरवा.”

“आणि असं का केलंत?”

यांनी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमन उठले, हात जोडले. “साहेब, सोसायटीला याची काहीही कल्पना नव्हती. या माणसाने पूर्ण गावाला फसवलं आहे.” ज्याची पहार, तोच! मी बाकावरून उठून ओरडले, की पहार कुणाच्या घरून आली ते विचारा. पण त्या गोंगाटात बाईमाणसाचं कोण ऐकतं? मला बाहेर काढलं. यांनी पहारीचा मालक कधीच सांगितला नाही. “हात माझे होते,” एवढंच म्हणतात. असल्या मोठेपणाने चूल पेटत नाही, हे मी त्यांना अजून ऐकवते.

पुढचं पेपरात आलंच आहे. पाणी शांत झाल्यावर कार्यालयाचे दुसरे दोन बुडी मारणारे यांच्याबरोबर उतरले. खडकात भोकं सापडली, रेषेत, जिथे यांनी सांगितली तिथे. पुन्हा मोजणी झाली. म्हणतात, त्या रेषेवर मोठ्या तोंडाचे ठिपकेदार मासे इतके दाटले होते की मोजणारे फितीची टोकं विसरले. सांद नकाशावर हिरवी झाली. ड्रेजर चिखलाच्या वाटेला गेला. अंडी घालायच्या हंगामात सांद जाळ्यांना बंद असते, बाकी वर्षभर सगळं गाव तिथे जातं. फक्त आमची बोट जात नाही. तिचा परवाना काढून घेतला आहे, आणि परत केव्हा मिळेल ते कुणी सांगत नाही. हे चेअरमनच्या बोटीवर दुसऱ्याची जाळी ओढतात. त्यांना कामावर घेतलं म्हणून चेअरमन उपकार केल्यासारखे बोलतात. तो माणूस दिसला की माझं डोकं फिरतं.

तिलाही नियम मोडल्याबद्दल कार्यालयाने काढून टाकलं. मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्यानंतर कुठल्याशा संस्थेने तिला घेतलं, दुसऱ्या बेटांवर मोजायला.

ती आपलं सामान न्यायला आली ते पेपरातला लेख यायच्या थोडं आधी. दुपारची वेळ. हे आतल्या खोलीत आडवे झाले होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. टाक्या तिने एकेक करून ओट्यावर आणल्या. मी दारात उभी. वर्षभर साठवलेलं होतं माझ्याकडे, आणि मी ते सोडलं.

“नाव घेतलंत, घेतलंत. साक्षीदार हवा होता, तेही कळलं मला. पण वन्सं, जहाजांचं आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर यांनी सळ्यांना हात तरी लावला असता का? परवानगी नव्हती म्हणे! यांना सळ्या ठोकायला नेलंत तेव्हा कुणाची परवानगी होती?”

ती खाली वाकून पट्टा बांधत होती. बांधायची थांबली.

“परवानगीचं निमित्त होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं दादा चेअरमनना सांगेल, आणि ते आकडा फुगवायला दुसरं काहीतरी करतील. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता.”

तिने हे हळू वगैरे सांगितलं नाही. भिंत पातळ आहे आमची. आत खाट करकरली आणि हे दारात आले. चेहरा झोपेतला नव्हता. बहिणीच्या आणि त्यांच्या मधे मी. ती एवढी जवळ, की हात लांब केला असता तर यांचा हात तिच्या खांद्यावर पडला असता.

हे मला म्हणाले, “तिला सांग, बरोबर केलं. मी सांगितलंच असतं चेअरमनला.”

ती टाकीकडे बघत होती.

“आणि सांग, ओहोटी लागायच्या आत निघ म्हणावं. नंतर सांदेतून बोट काढता येणार नाही.”

“वन्सं,” मी म्हटलं, “हे म्हणतायत, ओहोटीच्या आत निघा.”

“त्याला सांगा, निघते.”

“निघतायत,” मी यांना सांगितलं.

तेव्हापासून तसंच चालू आहे. तिचा फोन येतो तो मला येतो. “दादाला विचारा, सांदेत यंदा मासे कधी जमले.” हे समोर बसलेले असतात, आवाज बाहेर येतो, तरी मी विचारते, हे मला सांगतात आणि मी तिला सांगते. सख्ख्या बहीण-भावाचं बोलणं माझ्या तोंडून जातं, आणि मला दोघांचाही भयंकर राग येतो. पण फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उचलते, कारण मी नाही उचलला तर त्या दोघांत काहीच उरणार नाही.